सीमेपलीकडचा प्रेक्षक : दूरदर्शनच्या परदेश-वाहिनीची तीस वर्षे

१४ मार्च १९९५ रोजी दूरदर्शनने परदेशातील प्रेक्षकांसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू केली. 'डीडी इंटरनॅशनल' हे तिचे पहिले नाव. पुढे ती 'डीडी वर्ल्ड' झाली आणि २००२ पासून 'डीडी इंडिया' म्हणून ओळखली जाऊ लागली. मार्च २०२५ मध्ये तिला तीस वर्षे पूर्ण झाली. या वाहिनीचा विचार बेंगळुरूत बसून करण्याला एक खास कारण आहे. काय दाखवायचे हे दिल्लीतल्या मंडी हाऊसमध्ये, दूरदर्शनच्या मुख्यालयात, ठरत आले. पण भारताचे चित्र आणि आवाज देशाच्या सीमेपलीकडे नेण्याचे सामर्थ्य फार मोठ्या प्रमाणात या शहरात घडले. उपग्रह इथे बांधले गेले, त्यांच्या हालचालींवर नजर ठेवणारे केंद्र कर्नाटकातच हासनला उभे राहिले आणि परदेशात पोहोचणाऱ्या लघुलहरींचे महाप्रक्षेपक शहराच्या उत्तरेला येलहंक्याच्या बाजूला आले. इथून पाहिले म्हणजे या इतिहासातली मुख्य गोष्ट स्पष्ट दिसते. परदेशातल्या माणसापर्यंत पोहोचण्याचे साधन आपल्याला लवकर मिळाले. तो माणूस कोण, त्याला आपल्याकडून काय हवे, हे ठरवायला मात्र फार वेळ लागला आणि ते अजून पुरते ठरलेले नाही. वाहिनीचे चढउतार, तिची बदलती नावे आणि तिचे आजचे स्वरूप यांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हा घोळ दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे. आकाशवाणीचे परदेशांसाठीचे प्रक्षेपण १ ऑक्टोबर १९३९ रोजी पश्तू भाषेतून सुरू झाले. महायुद्धाला नुकतेच तोंड फुटले होते आणि वायव्य सरहद्दीपलीकडे चाललेल्या जर्मन प्रचाराला उत्तर देणे हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आपल्या परदेशी प्रक्षेपणाचा पहिला श्रोता परका होता, आपला देशबांधव नव्हता. स्वातंत्र्यानंतर परदेशस्थ भारतीयांसाठीही कार्यक्रम होऊ लागले, पण दोन्ही प्रकारचे श्रोते एकाच विभागाच्या छत्राखाली राहिले. परक्याला भारताची बाजू समजावून सांगणे आणि दूर गेलेल्या आपल्या माणसाला त्याची भाषा, गाणे, सण, गावची बातमी पुरवणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. दोन्ही आवश्यक आहेत. एकच कार्यक्रम दोन्ही कामे करील ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. दूरदर्शनकडे हा वारसा न तपासता आला.

१९७० चे दशक : प्रेक्षक आधी, उपग्रह नंतर

१९७२ मध्ये अंतराळ विभाग स्थापन झाला. इस्रोचे अध्यक्ष झालेले प्रा. सतीश धवन त्या वेळी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकही होते. त्यामुळे इस्रोचे मुख्यालय बेंगळुरूत आले. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये 'आर्यभट' तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टला सुरू झालेला 'साइट' हा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत वर्षभर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. कर्नाटकातील खेडी गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर या जिल्ह्यांतली होती, म्हणजे मराठी मुलखाला लागून असलेली. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. त्यांच्याबरोबर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख यश पाल आणि शेकडो अभियंते, समाजशास्त्रज्ञ, निर्माते, संच दुरुस्त करणारे तंत्रज्ञ होते.

देशातल्या खेड्यांसाठी झालेला हा प्रयोग परदेश-वाहिनीच्या इतिहासात मुद्दाम सांगावा लागतो, कारण उपग्रहाचा उपयोग कसा करावा याचा तो आपल्याकडचा सर्वांत नीट आखलेला नमुना आहे. प्रेक्षक कोण हे आधी ठरले. तो कोणती भाषा बोलतो, शेतात काय पिकवतो, संध्याकाळी किती वाजता मोकळा होतो, याची पाहणी झाली. हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत कार्यक्रम बनले. कार्यक्रम पाहिल्यावर गावात काय फरक पडला याचीही मोजणी झाली. भाषेचा आणि प्रेक्षकाचा विचार आधी, तंत्राचा नंतर, हा क्रम होता. वीस वर्षांनी परदेश-वाहिनी सुरू करताना तो उलटा झाला. साइटमध्ये वापरलेली पद्धत त्या वेळी घरातच उपलब्ध होती, ती कोणा बाहेरच्याकडून शिकायची गरज नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढची उणीव अधिक खुपते.

१९८० चे दशक : रंग, मालिका आणि कॅसेट

१० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए हा उपग्रह अवकाशात गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. या धक्क्यातून सावरत ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी चॅलेंजर यानातून सोडण्यात आला व त्याने नेटाने काम केले. हे उपग्रह अमेरिकेत बांधलेले होते. पण त्यांची आखणी, देखरेख आणि हासनच्या मुख्य नियंत्रण केंद्रातून रोजची निगा भारतीय तंत्रज्ञांची होती. अवकाशातील भागाच्या प्रकल्पाचे नेतृत्व पुण्याचे प्रमोद काळे यांनी केले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. रंगीत दूरचित्रवाणी ही चैन आहे या आक्षेपाला त्या वेळचे माहितीमंत्री, विदर्भाचे वसंत साठे, यांनी ठामपणे तोंड दिले होते. बेंगळुरूत जयचामराजेंद्रनगरात दूरदर्शन केंद्र उभे राहिले आणि कन्नड निर्मितीला घर मिळाले.

परदेशासाठी या दशकात कोणतीही वाहिनी नव्हती, तरी परदेशातला प्रेक्षक याच दशकात तयार झाला. आखातात लाखो भारतीय कामगार गेले होते, अमेरिकेत डॉक्टर आणि अभियंते स्थिरावले होते, ब्रिटनमध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेली कुटुंबे होती. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. यांच्या घरांत दूरदर्शन पोहोचत होते ते व्हिडिओ कॅसेटवरून. किराणा दुकानाच्या फळीवर मसाल्यांशेजारी 'रामायण' आणि 'महाभारत' यांच्या कॅसेट भाड्याने मिळत. त्यांतून दूरदर्शनला मोबदला मिळत नव्हता आणि किती घरांत त्या जातात याची नोंद कुठे होत नव्हती. बी. आर. चोप्रांची 'महाभारत' ही ९४ भागांची मालिका इथे संपल्यावर थोड्याच काळात बीबीसीनेही दाखवली, मूळ हिंदी संवाद कायम ठेवून खाली इंग्रजी मजकूर देत. या एका उदाहरणात पुढच्या चर्चेतला मोठा भाग आला आहे. परदेशी प्रेक्षकाला समजावे म्हणून भाषा बदलावी लागली नाही. परदेशात वाढलेल्या मुलाला समजावे म्हणूनही ती बदलावी लागली नाही. खालचा मजकूर पुरला.

कर्नाटकाच्या मातीतली 'मालगुडी डेज' ही याच दशकातली. आर. के. नारायण यांच्या कथा, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे, आगुंब्यातले चित्रीकरण आणि शंकर नाग यांचे दिग्दर्शन. होन्नावरकडचा हा कलावंत मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडला आणि कन्नड चित्रपटात लोकप्रिय झाला. मालिका हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तयार झाली होती. परदेशात दाखवण्याजोगा माल सार्वजनिक दूरचित्रवाणीकडे होता आणि तो बनवणारी माणसेही होती. वाहिनी तेवढी नव्हती.

१९९० चे दशक : स्थापना

१९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह-वाहिनी म्हणजे काय ते साऱ्या जगाला दाखवले. स्टार आली, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाली. इतर देशही याच सुमारास परदेशातल्या आपल्या माणसांकडे वळत होते. चीनने १९९२ मध्ये परदेशस्थ चिनी लोकांसाठी सीसीटीव्हीची चौथी वाहिनी काढली, पोर्तुगालने त्याच वर्षी आरटीपी इंटरनासियोनाल सुरू केली. जर्मनीच्या डॉइच वेलेने त्याच वर्षी दूरचित्रवाणीत पाऊल टाकले. यांतला फरक पाहण्यासारखा आहे. पोर्तुगालची वाहिनी पोर्तुगीज बोलणाऱ्यांसाठी पोर्तुगीजमधून होती. जर्मन वाहिनी परक्यांना जर्मनी समजावून सांगण्यासाठी अनेक भाषांतून होती. दोघांनाही आपला प्रेक्षक कोण हे ठाऊक होते.

आपल्याकडे तांत्रिक तयारी याच वेळी पक्व झाली. जुलै १९९२ मध्ये सुटलेला इन्सॅट-२ए हा या मालिकेतला पहिला भारतीय बनावटीचा उपग्रह. तो बेंगळुरूच्या उपग्रह केंद्रात तयार झाला. त्यानंतर ७ डिसेंबर १९९५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून इन्सॅट-२सी गेला. देशाच्या सीमेबाहेर दूरचित्रवाणी पोहोचवण्याची क्षमता त्याच्या रचनेतच होती. आकाशवाणीचे ५०० किलोवॉटचे लघुलहरी प्रक्षेपक बेंगळुरूत बसवले गेले तेही याच दशकात. आवाज आणि चित्र या दोहोंची परदेशवारी इथून सुकर झाली, आणि तिच्यामागे शिफ्टमध्ये रात्री जागणारे कर्मचारी होते. त्यांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाहीत.

वाहिनी सुरू होण्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते. सरकारची मक्तेदारी संपण्याच्या वळणावर, १४ मार्चला, 'डीडी इंटरनॅशनल' जन्माला आली. प्रतिस्पर्ध्यांना उत्तर द्यायचे, परदेशात भारताची प्रतिमा उंचावायची आणि परदेशस्थ भारतीयांची सोय करायची, असे तीन हेतू एकत्र नांदत होते. पोहोच वाढवण्यासाठी परदेशी उपग्रहांवरही जागा घ्यावी लागली. कार्यक्रमांत बातम्या, चर्चा, चित्रपट, संगीत, नृत्य, लहान मुलांसाठीचे काही, असे सारे होते. हिंदी-इंग्रजीबरोबर उर्दू, पंजाबी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, गुजराती आणि मराठी कार्यक्रमांनाही वेळ मिळत होता. या भाषांचे कार्यक्रम प्रादेशिक केंद्रांकडून येत. मुंबई आणि बेंगळुरू केंद्रांतील निर्माते, संकलक, नेपथ्यकार, रंगभूषाकार यांचे काम अशा प्रकारे परदेशी गेले. वाहिनीच्या स्थापनेचे श्रेय द्यायचे तर या सगळ्यांना मिळूनच द्यावे लागेल.

२३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली आणि दूरदर्शन व आकाशवाणी स्वायत्त महामंडळाच्या कक्षेत आल्या. या स्थित्यंतरात कर्मचाऱ्यांचे प्रश्न, अधिकारांच्या मर्यादा, निधीची ओढाताण हे सारे झाले. एवढ्या मोठ्या संस्थेत मतभेद व्हायचेच. त्यांतही प्रक्षेपण चालू राहिले, याचे मोल अधिक आहे.

२००० चे दशक : १४६ देशांचा आकडा

नव्या शतकाच्या तोंडावर सरकारने प्रसार भारतीच्या कामाचा आढावा घेण्यासाठी तीन सदस्यांची समिती नेमली. शुनू सेन, किरण कर्णिक आणि बेंगळुरूचे ना. रा. नारायण मूर्ती हे तिचे सदस्य. कर्णिकांनी साइटच्या काळात इस्रोत काम केले होते, म्हणून प्रेक्षक आधी ठरवण्याची जुनी शिस्त या निमित्ताने पुन्हा संस्थेच्या दारी आली असे म्हणता येईल. समितीचा अहवाल २००० मध्ये आला. दुसरीकडे लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने परदेशस्थ भारतीयांचा देशोदेशी अभ्यास करून जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. जगभर सुमारे दोन कोटी भारतीय व भारतीय वंशाचे लोक पसरले आहेत असा तिचा अंदाज होता. २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होऊ लागला, २००४ मध्ये या लोकांसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले. वाहिनीचे 'डीडी इंडिया' हे नाव याच वातावरणात आले.

वाहिनी १४६ देशांत पोहोचते असे दूरदर्शन सांगू लागले ते या काळात. आकडा अभिमानाचा आहे आणि तंत्रज्ञांच्या दृष्टीने खराही आहे. पण पोहोचणे या क्रियेचे दोन भाग असतात. उपग्रहाची सावली एखाद्या देशावर पडली म्हणजे तिथे संकेत उतरतो. तो घरात यायचा तर सी-बँडची मोठी तबकडी लागते, किंवा तिथल्या केबलवाल्याने अथवा डीटीएच कंपनीने वाहिनी आपल्या यादीत घ्यावी लागते. न्यू जर्सीतल्या सदनिकेच्या गॅलरीत दोन-अडीच मीटरची तबकडी बसत नाही. शारजातल्या कामगारांच्या खोलीत तर त्याचा विचारही नको. कंपनीच्या यादीत शिरायला पैसा लागतो, करार लागतात, त्या देशात बसून पाठपुरावा करणारा माणूस लागतो. खासगी वाहिन्यांनी हे काम आक्रमकपणे केले. सार्वजनिक वाहिनीचे बळ उपग्रहावर खर्च झाले आणि शेवटचा टप्पा अपुरा राहिला. पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटरवरून परत खाली येणारा संकेत इमारतीच्या जिन्यात अडला, असेच म्हणावे लागेल. तरी ज्यांच्या घरी ती पोहोचली त्यांना तिने काही दिले, आणि ते दुसरे कोणी देत नव्हते. एकाच वाहिनीवर भारताच्या अनेक भाषा ऐकू येत. खासगी क्षेत्रात ज्याची त्याची भाषा वेगळ्या वाहिनीवर, वेगळ्या वर्गणीत विभागली गेली होती.

२०१० चे दशक : परदेशस्थांकडून परक्याकडे

जानेवारी २०१४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रसार भारतीविषयी अहवाल दिला आणि जागतिक दर्जाची परदेशी सेवा उभारण्याची निकड मांडली. जानेवारी २०१७ मध्ये चौदावा प्रवासी भारतीय दिवस बेंगळुरूत झाला. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोस्टा प्रमुख पाहुणे होते. गोव्यातील मडगावच्या घराण्याचा हा वंशज युरोपातल्या एका देशाचा पंतप्रधान म्हणून या शहरात आला, ही घटना दूर गेलेल्या पिढ्यांच्या नात्याबद्दल पुष्कळ सांगते. त्यांच्या देशाने पंचवीस वर्षे आधी आपल्या परदेशस्थांसाठी वाहिनी काढून ती एकाच भाषेवर ठाम उभी केली होती, हेही त्या निमित्ताने आठवायला हवे होते.

२०१९ मध्ये 'डीडी इंडिया'चे रूप पालटले. ती पूर्णवेळ इंग्रजी बातम्यांची वाहिनी झाली. बांगलादेश आणि दक्षिण कोरिया यांच्याशी परस्पर देवाणघेवाणीचे करार झाले. त्यांच्या वाहिन्या आपल्या 'फ्री डिश' या मोफत डीटीएच सेवेवर आणि आपली त्यांच्याकडे. आंतरराष्ट्रीय चर्चेत भारताचा आवाज नीट इंग्रजीत ऐकू यावा ही गरज खरी होती. बीबीसी, अल जझीरा, चीनची सीजीटीएन, फ्रान्सची फ्रान्स-२४ या साऱ्या मैदानात असताना आपण बाहेर राहणे शहाणपणाचे नव्हते. या बदलामागे काम करणाऱ्या तरुण पत्रकारांनी आणि तंत्रज्ञांनी मेहनतीने वाहिनीचा चेहरा ताजा केला, हे निःसंशय. पण या निर्णयाने १९३९ पासूनचा जुना प्रश्न एका बाजूने सोडवला. प्रेक्षक परका ठरला. कन्नड, मराठी, तमिळ, पंजाबी कार्यक्रमांची जी जागा या वाहिनीवर होती ती गेली आणि तिच्याऐवजी परदेशस्थांसाठी दुसरी वाहिनी निघाली नाही.

यावर चार आक्षेप घेतले जातात आणि ते वजनदार आहेत. पहिला, परदेशस्थांची भाषेची भूक खासगी वाहिन्या भागवतात, सरकारने त्यात कशाला पडावे. खासगी वाहिनी बाजार असेल तिथे जाते, आणि त्यात गैर काही नाही. अमेरिकेतल्या हिंदी, तेलुगू, तमिळ प्रेक्षकाला ती चांगली सेवा देते. पण मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकापासून राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा बाजार किती? इस्राएलमधल्या बेने इस्राएलांचा किती? आखातातल्या तुळू आणि कोंकणी बोलणाऱ्यांचा किती? मॉरिशसच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने आपल्या देशातल्या मराठी समाजासाठी मराठी कार्यक्रम चालवले आहेत. त्या छोट्या देशाला जे कर्तव्य वाटले ते आपल्याला वाटू नये हे पटत नाही. जिथे नफा नाही आणि गरज आहे, तिथेच सार्वजनिक संस्थेचे काम सुरू होते.

दुसरा आक्षेप पैशांचा. देशातल्या करदात्याने सुखवस्तू परदेशस्थांच्या करमणुकीचा भार का उचलावा? परदेशस्थ म्हटले की डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातला अभियंता येतो, पण आखातातला गवंडी, वाहनचालक, परिचारिका हे भारताचेच नागरिक आहेत. त्या देशांत त्यांना नागरिकत्व मिळत नाही, ते परत येणार आहेत आणि ते घरी पैसे पाठवतात. परदेशातून येणाऱ्या रकमांत भारत जगात पहिला आहे. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२ मध्ये ही रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यांच्यासाठी दिवसाला काही तासांचे, बहुतांशी आधीच तयार असलेले कार्यक्रम पाठवणे हा उपकार म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की सरकारी पैशावर चालणारी वाहिनी सरकारची बाजू मांडणार, मग परदेशात तिच्यावर विश्वास कोण ठेवणार. हा आक्षेप मला बातम्यांपुरता रास्त वाटतो. बातम्यांची विश्वासार्हता स्वायत्ततेतून येते, घोषणांतून येत नाही, आणि प्रसार भारतीला त्या बाबतीत अजून बरेच कमवायचे आहे. पण म्हणूनच सगळे वजन बातम्यांच्या पारड्यात टाकणे अधिक धोक्याचे. यक्षगान, पंडित मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे, 'मालगुडी डेज', मराठी नाट्यप्रयोग, किंवा दूरदर्शनच्या 'चंदना' या कन्नड वाहिनीवर वर्षानुवर्षे चाललेली ना. सोमेश्वर यांची 'थट्ट अंत हेळी' ही प्रश्नमंजूषा, यांच्यावर कोणी प्रचाराचा आरोप करीत नाही. दूरदर्शनचे सर्वांत भक्कम भांडवल त्याच्या संग्रहात आणि प्रादेशिक केंद्रांत आहे, आणि नेमके तेच परदेश-वाहिनीवरून बाजूला झाले.

चौथा आक्षेप इंटरनेटचा. आता सर्व केंद्रांचे कार्यक्रम यूट्यूबवर दिसतात, 'चंदना' आणि मराठी 'सह्याद्री' जगात कुठेही पाहता येतात, वेगळ्या वाहिनीची गरज उरली कुठे? या युक्तिवादातला अर्धा भाग मला मान्य आहे. शेवटच्या टप्प्याची अडचण इंटरनेटने सोडवली. तबकडी आणि केबलवाला यांचे अडसर गेले. पण निवड कोण करणार? टोरांटोत जन्मलेल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी कोणता कार्यक्रम कुठून सुरू करावा, हे शेकडो तासांच्या ढिगातून तिच्या आईने शोधायचे का? कन्नड किंवा मराठी जेमतेम समजणाऱ्या मुलासाठी खाली इंग्रजी मजकूर कोण देणार? तिथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सातला काय असावे हे कोण ठरवणार? वाहिनीचे काम कार्यक्रम उपलब्ध करून दिल्यावर संपत नाही. कोणासाठी, कशानंतर काय, हे विचारपूर्वक लावून देणे हे तिचे काम आहे. बेंगळुरूच्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त घरात, अशा मुलांना वाढवणाऱ्या कुटुंबांना, १९२० पासून इथे काम करणाऱ्या महाराष्ट्र मंडळाला, भाषा आपोआप टिकत नाही हे ठाऊक आहे.

२०२० नंतर : साधने हाती आहेत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात 'रामायण' पुन्हा दाखवले गेले आणि जुन्या संग्रहाचे सामर्थ्य सर्वांच्या लक्षात आले. मे २०२१ मध्ये प्रसार भारतीने 'डीडी इंटरनॅशनल' या नावाने जागतिक वाहिनी उभारण्यासाठी सल्लागार संस्थांकडून प्रस्ताव मागवले. १९९५ चे नाव असे पुन्हा कागदावर आले. मार्च २०२२ मध्ये यप टीव्हीशी करार होऊन 'डीडी इंडिया' अमेरिका, ब्रिटन, युरोप, पश्चिम आशिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या प्रेक्षकांना इंटरनेटवरून मिळू लागली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे प्रसार भारतीचे स्वतःचे ओटीटी व्यासपीठ सुरू झाले. त्यात मराठी, कन्नड, कोंकणी यांसह अनेक भारतीय भाषांतला मजकूर आहे. इंग्रजी वाहिनी आता वृत्तसेवा म्हणून स्थिर झाली आहे. तिथे काम करणारे पत्रकार, दृश्यसंकलक, अभियंते आणि प्रशासकीय कर्मचारी यांनी तीस वर्षांची परंपरा चालू ठेवली आहे आणि त्याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत.

साइटच्या वेळी आपल्याला उपग्रह उसना घ्यावा लागला होता आणि प्रेक्षकाचे ज्ञान मात्र स्वतःचे होते. आज उपग्रह आपले, व्यासपीठ आपले, संग्रह आपला; मग प्रेक्षकाची पाहणी तेवढी का राहावी? 'डीडी इंडिया' इंग्रजी बातम्यांची वाहिनी म्हणूनच राहावी, तिचे काम वेगळे आहे. तिच्याजोडीला 'वेव्हज'वर परदेशस्थांसाठी स्वतंत्र दालन असावे. प्रत्येक प्रादेशिक केंद्राने रोज एक तास आपल्या भाषेत निवडून, इंग्रजी उपशीर्षके देऊन, त्या त्या खंडाच्या वेळेनुसार द्यावा. बेंगळुरू केंद्राने कन्नडबरोबर तुळू, कोडव आणि कोंकणीचा वाटा उचलावा, मुंबईने मराठीचा. सुरुवातीला एकही नवा कार्यक्रम बनवावा लागणार नाही. लागेल ती निवड करणारी, उपशीर्षके लिहिणारी आणि परदेशातल्या कुटुंबांना काय हवे ते विचारणारी छोटी तुकडी.

ही मागणी प्रेक्षकांकडूनही यायला हवी. मॉरिशस, आखात, ब्रिटन, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथली मराठी मंडळे आणि कन्नड संघ यांनी आपल्या मुलांना कोणत्या वयात, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारचे कार्यक्रम हवेत याची पाहणी करून ती प्रसार भारतीकडे पाठवावी. या स्मरणिकेच्या ज्या वाचकांची मुले, भावंडे परदेशात आहेत त्यांनी हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचवावा आणि त्यांच्या मंडळाला या कामाला लावावे, ही विनंती.